महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल : जीवन आणि संघर्ष



भारताची राज्यघटना कोणी लिहिली, असं विचारलं तर आपल्या वस्तीतलं बालवाडीतलं पोरसुद्धा बाबासाहेबांचं नाव घेईल. पण घटना लिहायला बाबासाहेब घटना समितीत पोहोचले ते कुठल्या प्रांतातून, आणि त्यांना तिथं पाठवलं कोणी, असं विचारलं की जयंतीच्या स्टेजवरचे वक्तेही जरा थबकतात. बाबासाहेब पहिल्यांदा मुंबईतून निवडून गेले नव्हते. ते गेले बंगालमधून. आणि ते घडवून आणण्यात सर्वात पुढे जो माणूस होता त्याचं नाव जोगेंद्रनाथ मंडल. बंगालचे दलित त्यांना महाप्राण म्हणतात.

या स्मरणिकेत त्यांच्याविषयी लिहावं असं ठरवलं ते केवळ उपकाराची आठवण म्हणून नाही. या माणसाने दोन देशांत राहून पाहिलं. एका देशाचा तो पहिला कायदामंत्री होता. दुसऱ्या देशात तो निर्वासित होऊन आला. आपल्या माणसांना कुठल्या तरी देशाने आपलं म्हणावं, यासाठी त्याची सगळी हयात गेली. त्याचे काही निर्णय चुकले, तेही मी लिहिणार आहे. चरित्र लिहायचं तर ते आरतीसारखं लिहू नये असं माझं मत आहे.

जोगेंद्रनाथांचा जन्म २९ जानेवारी १९०४ चा. गाव मैस्तारकांदी, जिल्हा बारिसाल (सरकारी दप्तरात बाकरगंज). आज हा भाग बांगलादेशात आहे. आपल्याकडे डोंगर आणि कोरडवाहू रान, तर तिकडे जिकडे बघाल तिकडे पाणी. नद्या, खाड्या, दलदल. पावसाळ्यात एका घरून दुसऱ्या घरी जायचं तर होडी काढावी लागते. या दलदलीत भातशेती उभी केली ती नमोशूद्र समाजाने. शेतकरी, नावाडी, मच्छीमार अशी ही जात. पूर्वी सवर्ण त्यांना चांडाळ म्हणत आणि सरकारी कागदांतही तेच लिहिलेलं असे. १८७२-७३ साली फरीदपूर-बाकरगंज भागात या लोकांनी सवर्णांच्या घरचं आणि शेतावरचं काम बंद केलं होतं. पाणी भरणार नाही, गवत कापणार नाही, मळणी करणार नाही. महाडच्या सत्याग्रहाच्या पन्नास-पंचावन्न वर्षं आधीची ही गोष्ट आहे! पोटाला चिमटे बसले तसा तो संप मोडला, पण त्यातून समाज हलला. ओडाकांदी गावचे हरिचाँद ठाकूर आणि त्यांचे पुत्र गुरुचाँद ठाकूर यांनी मतुआ पंथ वाढवला, शाळा काढायला लावल्या. आमचं नाव बदला हा अर्ज करकरून शेवटी १९११ च्या शिरगणतीत चांडाळ हा शब्द गेला आणि नमोशूद्र हे नाव आलं. सरकारच्या वहीत आपलं नाव काय लिहावं यासाठीही एका समाजाला पिढी खर्च करावी लागली.

अशा समाजातला हा पोरगा. बारिसालच्या ब्रजमोहन कॉलेजातून तो बी. ए. झाला, पुढे कलकत्त्याला वकिली शिकला आणि १९३६ च्या सुमारास बारिसालला वकिली करू लागला. हे कॉलेज स्वदेशी चळवळीचे मोठे पुढारी अश्विनीकुमार दत्त यांनी काढलेलं. आता गंमत बघा. पुणे कराराने बंगालमध्ये अस्पृश्यांना ३० राखीव जागा मिळाल्या होत्या. १९३७ ची निवडणूक आली तेव्हा जोगेंद्रनाथ उभे राहिले ते सर्वसाधारण जागेवर, अपक्ष म्हणून. समोर काँग्रेसचे उमेदवार सरलकुमार दत्त, म्हणजे त्याच अश्विनीकुमारांचे पुतणे आणि जमीनदार. तेहतीस वर्षांच्या नमोशूद्र वकिलाने त्यांना पाडलं. राखीव जागा नसताना अस्पृश्य माणूस निवडून येतो ही गोष्ट आजही सोपी नाही, तेव्हा तर नवलच होतं.

सुरुवातीला जोगेंद्रनाथांचा ओढा सुभाषबाबू आणि त्यांचे बंधू शरदबाबू यांच्याकडे होता. १९४० साली ते कलकत्ता महापालिकेतही निवडून गेले. पण सुभाषबाबू देशाबाहेर गेले आणि काँग्रेसमधल्या जमीनदार-भद्रलोक मंडळींशी जोगेंद्रनाथांचं जमेना. त्यांनी एक हिशोब मांडला. पूर्व बंगालात जमीन कसणारे दोनच : मुसलमान शेतकरी आणि नमोशूद्र शेतकरी. दोघंही कर्जात, दोघंही अडाणी, आणि दोघांच्या मानगुटीवर जमीनदार आणि सावकार तेच. मग दोघांनी एकत्र का येऊ नये? हिशोब कागदावर चोख होता. पण शेतकऱ्यांची एकजूट आणि मुस्लिम लीगच्या नवाब पुढाऱ्यांशी आघाडी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि जोगेंद्रनाथांच्या वाट्याला दुसरीच आली. १९४३ साली ते ख्वाजा नझीमुद्दिन यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले, सहकार आणि ग्रामीण कर्ज हे खातं घेतलं. त्याच साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला आणि लाखो माणसं मेली. मेले त्यांत भूमिहीन, कोळी, नावाडी, म्हणजे त्यांचीच माणसं जास्त. त्या मंत्रिमंडळात ते राहिले याचा दोष त्यांना द्यावाच लागेल.

पण त्याच वर्षी त्यांनी दुसरं मोठं काम केलं. बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन केलं होतं. त्याची बंगाल शाखा जोगेंद्रनाथांनी उभी केली.

आता १९४६ सालाकडे येऊ. त्या वर्षीच्या निवडणुकांत फेडरेशनचा पार धुव्वा उडाला. मुंबई प्रांतात एकही आमदार निवडून आला नाही. बंगालमध्ये फक्त एक आला, तो म्हणजे जोगेंद्रनाथ. घटना समितीचे सभासद प्रांतांच्या कायदेमंडळातले आमदार निवडणार होते. मुंबईत आमदारच नाहीत तर बाबासाहेबांना मत कोण देणार? आणि काँग्रेस तर त्यांना येऊ द्यायला तयार नव्हती. ज्या माणसाने सात कोटी अस्पृश्यांची कैफियत गोलमेज परिषदेत मांडली, त्याला देशाची घटना बनते तिथं बसायला जागा नाही अशी पाळी आली.

जोगेंद्रनाथांनी बाबासाहेबांना बंगालमधून उभं केलं. त्यांचं स्वतःचं मत एक. बाकीची मतं आणायची तर दुसऱ्या पक्षांच्या आणि अपक्ष दलित आमदारांना गाठायला हवं. ते एकेकाच्या घरी गेले. काँग्रेसच्या तिकिटावर आलेल्या काही दलित आमदारांनीही पक्षाचा आदेश बाजूला ठेवून बाबासाहेबांना मत दिलं. आमदारकी, पुढचं तिकीट, सगळं धोक्यात घालून. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून घटना समितीवर निवडून आले. महाराष्ट्रातल्या आपल्या माणसांनी ही गोष्ट घरात पोराबाळांना सांगितली पाहिजे. बाबासाहेबांना त्या सभागृहात बसवलं ते मराठीचा एक शब्दही न येणाऱ्या, भात आणि मासे खाणाऱ्या नमोशूद्रांनी आणि राजवंशींनी.

इथं एक गैरसमज दूर करतो. आपल्या सभांतून असं सांगितलं जातं की बाबासाहेबांना निवडून दिलं म्हणून शिक्षा म्हणून जेसोर, खुलना, बारिसाल, फरीदपूर हे चार जिल्हे पाकिस्तानात टाकले. ऐकायला बरं वाटतं, पण घटना समितीची निवडणूक जिल्ह्यावर नव्हतीच, सगळ्या प्रांतातल्या आमदारांनी मतं दिली होती. तेव्हा जिल्हे देऊन मतदारसंघ काढून घेतला, या बोलण्याला अर्थ राहत नाही. मात्र बंगालची फाळणी ठरल्यावर बाबासाहेबांची तिथली जागा गेली हे खरं. तोवर त्यांचं काम काँग्रेसलाही पटलं होतं. जुलै १९४७ मध्ये बॅरिस्टर जयकरांच्या रिकाम्या जागेवर मुंबई प्रांतातून त्यांना पुन्हा निवडून देण्यात आलं.

इकडे जोगेंद्रनाथ सुऱ्हावर्दींच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. ऑगस्ट १९४६ मध्ये कलकत्त्यात कत्तली झाल्या, ऑक्टोबरमध्ये नोआखालीत. राजीनामा द्या म्हणून त्यांच्यावर दबाव आला. त्यांनी दिला नाही. हे भांडण सवर्ण हिंदू आणि मुसलमान यांचं आहे, आपण त्यात प्यादी होऊ नये, असं त्यांनी दलितांना सांगितलं. नोआखालीत मार खाल्लेल्यांत दलितही होते, तरी त्यांची भूमिका बदलली नाही. त्याच ऑक्टोबरात दिल्लीच्या हंगामी सरकारात लीगने आपल्या पाच जागांपैकी एक जोगेंद्रनाथांना दिली आणि ते कायदामंत्री झाले. यात प्रेम किती आणि डाव किती हे ओळखायला फार शिकायला नको. काँग्रेस आपल्या बाजूने मुसलमान मंत्री नेमते, तर आम्ही अस्पृश्य नेमतो, असा तो हिशोब होता. जोगेंद्रनाथांना हे कळत नव्हतं असं नाही. पण ज्याला कोणी पाटावर बसवत नाही त्याला जो बसवील त्याच्याकडे तो जातो.

बंगालची फाळणी होऊ नये म्हणून ते शेवटपर्यंत बोलत राहिले. फाळणी झाली तर नमोशूद्रांचा मुलूख सीमेवर कापला जाईल हे त्यांना दिसत होतं, आणि तसंच झालं. त्यांचं गाव, घर, मतदार सगळे पूर्व पाकिस्तानात गेले. ते आपल्या माणसांबरोबर तिथंच राहिले.

१० ऑगस्ट १९४७ ला कराचीत पाकिस्तानची घटना समिती पहिल्यांदा भरली. सभेचे हंगामी अध्यक्ष म्हणून निवडले गेले जोगेंद्रनाथ मंडल. दुसऱ्या दिवशी जीना अध्यक्ष झाले आणि त्यांनी सांगितलं की या राज्यात प्रत्येकाला आपापल्या मंदिरात-मशिदीत जाता येईल, धर्म आणि जात यांच्याशी सरकारला काही देणंघेणं नाही, सगळे सारखेच नागरिक. मंडल ते ऐकत समोर बसले होते. त्यांना पाकिस्तानचं कायदा आणि कामगार खातं मिळालं. जरा विचार करा : १५ ऑगस्ट १९४७ ला भारताचा कायदामंत्री महार, आणि आदल्या दिवशी जन्मलेल्या पाकिस्तानचा कायदामंत्री नमोशूद्र. दोन्ही देशांनी कायद्याचं पुस्तक अस्पृश्याच्या हातात दिलं होतं. पुस्तक दिलं, सत्ता किती दिली ते पुढे दिसलं.

कराचीत काय झालं ते ऐका. फाळणीनंतर सिंधमधले सवर्ण हिंदू, व्यापारी, वकील, डॉक्टर बोटींनी आणि रेल्वेने निघून गेले. भंगी समाजाची माणसंही निघाली, तेव्हा त्यांना अडवलं. कायदा दाखवला की सफाई ही अत्यावश्यक सेवा आहे, ती सोडून जाता येणार नाही. ही माणसं गेली तर कराचीचे रस्ते आणि संडास साफ कोण करणार, हा सरकारपुढचा प्रश्न होता. भारताचे तिथले हायकमिशनर श्रीप्रकाश यांनी पाकिस्तानच्या पंतप्रधानांकडे ही तक्रार नेली. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पाकिस्तानातल्या दलितांना मिळेल त्या मार्गाने भारतात या असं जाहीर सांगितलं आणि डिसेंबरमध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून त्यांना सोडवून आणण्याची व्यवस्था करा म्हणून मागणी केली. नागरिक म्हणून ज्यांना कोणी मोजत नव्हतं, ते झाडू मारायला मात्र एवढे मोलाचे झाले की त्यांना देशाबाहेर जाऊ देईनात!

मला हे वाचताना आपल्या गिरण्यांची आठवण होते. मी गिरणीत लागलो तेव्हा जुने कामगार सांगायचे, पूर्वी साचेखात्यात महाराला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई. बाकीच्या खात्यांत घाम गाळायला तो चालत होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा लावून धरला होता. असो.

सप्टेंबर १९४८ मध्ये जीना वारले. मार्च १९४९ मध्ये पाकिस्तानच्या घटना समितीने जो उद्देशांचा ठराव केला त्यात राज्याचा पाया इस्लाम धरला. पूर्व बंगालच्या हिंदू सभासदांनी विरोध केला, तो मोडून ठराव पास झाला. मंडल तेव्हा मंत्री होते. मग गावाकडून बातम्या येऊ लागल्या. फरीदपूर जिल्ह्यात गोपालगंजकडे नमोशूद्र गावांवर पोलिसांची धाड, खुलना जिल्ह्यात कालशिरा गावात डिसेंबर १९४९ मध्ये पोलीस, अन्सार आणि जमाव यांचा हल्ला, घरं पाडली, बायकांवर अत्याचार झाले. फेब्रुवारी १९५० मध्ये ढाका आणि खुद्द बारिसाल पेटलं. मंडल तिथं गेले. ज्या गावांनी त्यांना १९३७ साली होडीतून मिरवलं होतं, तिथं जळकी खांबं उभी होती. त्यांच्या हिशोबाने त्या दंगलींत मेलेल्यांचा आकडा दहा हजारांच्या घरात होता. एप्रिलमध्ये नेहरू-लियाकत करार झाला, अल्पसंख्याकांच्या रक्षणाची हमी कागदावर आली. मंडल तक्रारी देत राहिले, त्यांचं कोणी ऐकेना.

शेवटी ते कलकत्त्याला आले आणि ८ ऑक्टोबर १९५० रोजी तिथून लियाकत अलींना राजीनामा पाठवला. हे पत्र फार मोठं आहे. त्यात गावांची नावं, तारखा, कुठं काय झालं, कोणाकडे तक्रार केली आणि कोणी काय उत्तर दिलं, सगळं एका वकिलाने मांडावं तसं मांडलं आहे. ज्या मुसलमान-दलित एकीवर आयुष्य लावलं तिचं काय झालं, हेही त्यांनी त्यात लपवलेलं नाही. पाकिस्तानच्या सरकारने त्यांना खोटारडा आणि देशद्रोही ठरवलं. बाबासाहेबांनी पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९५१ मध्ये, हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर भारताच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. चार वर्षं उलटली आणि दोन्ही देशांचे पहिले कायदामंत्री बाहेर होते.

पाकिस्तानात देशद्रोही ठरलेल्या माणसाला भारतात मानाने घेतलं असेल असं वाटतं. तसं झालं नाही. कलकत्त्याच्या भद्रलोकांनी त्यांचं नाव जोगेन अली मुल्ला ठेवलं होतं. लीगबरोबर गेलेला माणूस, याच्यामुळे आमचं घरदार गेलं, असं म्हणत. दलितांतलेही पुष्कळ लोक नाराज होते, कारण त्यांच्या शब्दावर विसंबून ते तिकडे थांबले होते. हा राग मी चुकीचा मानत नाही. जळालेल्या घरातून आलेल्या माणसाने आणखी काय म्हणावं? पण ज्या सवर्ण पुढाऱ्यांनी बंगाल तोडायची मागणी केली त्यांच्याकडे हिशोब कोणी मागितला नाही.

मग त्यांनी निर्वासितांचं काम धरलं. पूर्व बंगालातून आधी आले ते शिकलेले, नोकरदार, कलकत्त्यात नातेवाईक असलेले. त्यांनी शहराच्या कडेला जागा धरल्या, पुढे त्या वसाहती झाल्या. नमोशूद्र शेतकरी १९५० नंतर आले, त्यांचं कोणीच नव्हतं. ते राणाघाटच्या कूपर्स कॅम्पसारख्या छावण्यांत पडून राहिले. बंगालमध्ये जागा नाही असं सांगून १९५८ पासून त्यांना दंडकारण्यात पाठवायला सुरुवात झाली : ओरिसाचं कोरापुट, मध्य प्रदेशचं बस्तर. पाण्यातली माणसं, त्यांना खडकाळ जंगलात नेऊन सोडलं. जायला नकार देईल त्याची सरकारी मदत बंद. छावण्यांत आंदोलनं झाली, त्यांत जोगेंद्रनाथ उतरले. आम्हाला बंगालमध्येच जमीन द्या ही मागणी होती, ती मान्य झाली नाही. त्यांनी बंगालमध्ये रिपब्लिकन पक्षाचंही काम केलं, निवडणुका लढवल्या. भारतात ते एकही निवडणूक जिंकू शकले नाहीत. जे मतदार त्यांना डोक्यावर घेत ते तर छावण्या-छावण्यांत आणि जंगलात विखुरले होते, आणि अर्धे अजून सीमेपलीकडे.

५ ऑक्टोबर १९६८ रोजी सीमेजवळच्या बनगाव इथं त्यांचं निधन झालं. वय चौसष्ट. त्यांची पत्रं, भाषणं आणि आठवणी पुढे त्यांच्या मुलाने गोळा करून बंगालीत छापल्या, म्हणून आज एवढं तरी कळतं.

त्यांच्या माणसांचं पुढे काय झालं तेही थोडक्यात सांगतो. दंडकारण्यातले हजारो निर्वासित १९७८ मध्ये परत निघाले आणि सुंदरबनात मरीचझांपी बेटावर जाऊन राहिले. बांध घातले, शाळा, दवाखाना उभा केला. डाव्यांच्या सरकारने जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी केली, ३१ जानेवारीला गोळीबार झाला, मे महिन्यात सगळ्यांना हुसकून लावलं. पुढे २००३ साली नागरिकत्वाचा कायदा बदलला आणि कागद नसलेल्यांच्या भारतात जन्मलेल्या लेकरांचं नागरिकत्वही अडचणीत आलं. मतुआ लोकांनी त्याविरुद्ध उपोषणं केली. २०१९ मध्ये पुन्हा कायदा बदलून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या, मुसलमान सोडून बाकी निर्वासितांना मार्ग दिला, त्याचे नियम निघायला मार्च २०२४ उजाडलं. धर्म विचारून नागरिक ठरवायचा, हे जोगेंद्रनाथांनी कराचीत पाहिलं होतं.

आणि ही माणसं आपल्यापासून लांब नाहीत. त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीच्या चामोर्शी, मुलचेरा तालुक्यांत बंगाली निर्वासितांची गावंच्या गावं आहेत. तिथं भात पिकतो, तळ्यात मासे पाळतात. त्यांत बहुतेक नमोशूद्र. बंगालमध्ये ही जात अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत तिची नोंद नाही. त्यामुळे त्यांच्या मुलांना अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. १९५६ साली धम्म घेतल्यावर केंद्राच्या सवलतींसाठी आपल्याला १९९० पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा दाखला नसणं म्हणजे काय हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. गडचिरोलीकडे कधी धम्म परिषदेला जाणं झालं तर त्या गावांत जरूर जा. बाबासाहेबांना ज्यांनी घटना समितीत पाठवलं त्यांचे नातू-पणतू तिथं भेटतील.